टाकळ्याची जुडी

सेंद्रिय भाजी म्हणजे चकचकीत दुकान आणि चढे भाव, असं आपण मुंबईकरांनी उगाचच ठरवून टाकलंय. पावसाळ्यात पालघर-कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन लोकलने येतात. रानातली भाजी, ना खत, ना फवारणी. याहून ताजं आणि परवडणारं काय असतं हो? पण २०१७ साली उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दी बघता ते पटतंही. मग २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे त्यांना हक्काची जागा नको का द्यायला? ती मिळेपर्यंत निदान आपल्या सोसायट्यांनी पावसाळ्यापुरता गेटजवळचा एक कोपरा द्यावा. काय म्हणता मंडळी, विचारायचं का सेक्रेटरींना?