नवी गाडी मालाच्या मापाने घ्या

घरातल्या पोराला साधा सदरा शिवायचा असला तरी आपण त्याला शिंप्यासमोर उभे करून माप देतो. पण धंद्यासाठी काही लाखांचा टेम्पो घ्यायचा झाला की आपण माप द्यायचे विसरतो आणि शोरूमच्या दारात जी गाडी उभी असेल तीच घेऊन घरी येतो. कारखान्याकडे ऑर्डर देताना हौदा केवढा, इंधन कोणते, बॉडी कोणाची या गोष्टी निवडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. हा हक्क आपले बहुतेक छोटे व्यापारी सेल्समनच्या हाती सोपवून मोकळे होतात. आमच्या मते धंद्यातील मोठ्या नुकसानीची सुरुवात इथेच होते.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी आम्ही स्वतःचीच चूक सांगतो. आमच्या घरी लोखंडी कपाटे बनविण्याचे काम चालते. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईच्या तोंडावर आम्ही नवा टेम्पो घ्यायला निघालो. नऊ फुटी हौद्याची गाडी मागविली तर पाच आठवडे थांबावे लागणार होते. "शेठ, ही उभीच आहे, उद्या घेऊन जा," असे म्हणत विक्रेत्याने सात फुटी हौद्याच्या गाडीची किल्ली आमच्या हातावर ठेवली. त्या गाडीत गाणी ऐकण्याची सोय होती, सीटवर मऊ कव्हरे होती, चाकांवर चकचकीत झाकणे होती. आम्ही भुललो. घरी आल्यावर हिशेब कळला. सात फुटांत उभी कपाटे सहा बसत होती, नऊ फुटांत नऊ बसली असती. नऊ कपाटांची ऑर्डर आली की तीन कपाटांसाठी दुसरी खेप, दुसरे डिझेल, हमालांची दुसरी मजुरी. तीन वर्षांनी ती गाडी आम्ही तोट्यात विकली. पाच आठवडे वाचविण्यासाठी आम्ही तीन वर्षे घालविली.

कारखान्याचे काय, कारागिराचे काय?

या अनुभवातून आम्ही एक साधा नियम काढला आहे. जे चेसिसच्या हाडामांसात आहे ते कारखान्याकडूनच घ्यावे. जे मालाला टेकते ते मालाची जाण असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे. आणि जे केवळ डोळ्याला दिसते ते कर्ज फिटेपर्यंत कोणाकडूनही घेऊ नये.

पहिल्या भागात चेसिसची लांबी, इंजिन व इंधन, ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि वायरिंग येते. मोठ्या ट्रकमध्ये मागच्या अ‍ॅक्सलचे गिअरचे प्रमाणही येते. घाटातून जड माल ओढणाऱ्याला जे प्रमाण लागते ते सपाट महामार्गावर धावणाऱ्याला लागत नाही. या गोष्टी मागाहून बदलता येत नाहीत, आणि बदलल्याच तर दामदुप्पट खर्च होतो. त्यामुळे इथे दहा-वीस हजार वाचवू नयेत.

वायरिंगबाबत विशेष सांगावेसे वाटते. पूर्वी आपला मिस्त्री बॅटरीवरून वायर ओढून हॉर्न, दिवे, पंखा काहीही जोडून देत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांचे इंजिन व धूर या दोन्हींवर संगणकाची व सेन्सरची नजर असते. चुकीच्या ठिकाणी वायर कापली की दोष उमटतो, गाडीचा जोर कमी होतो आणि वॉरंटीच्या दाव्यावर कंपनी बोट ठेवते. एसी किंवा जादा दिवे खरोखर हवे असतील तर ते ऑर्डरमध्येच लिहावेत.

गॅसवर चालणाऱ्या गाडीचेही तेच. मान्यताप्राप्त सीएनजी किट नंतर बसविता येते. पण त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्यात, दोन्हीकडे करावी लागते. कारखान्यातून आलेल्या गाडीत टाकीची जागा व तिचे वजन आधीच धरलेले असते. टाकीची ठराविक मुदतीने चाचणी मात्र दोन्हींत चुकत नाही.

दुसरा भाग हौदा, फाळके, हूड, कप्पे व ताडपत्रीचा. हा आपल्या कारागिरांचा प्रांत आहे. मोठे ट्रक कारखान्यातून तीन रूपांत मिळतात. नुसत्या दर्शनी भागाचे काउल चेसिस, केबिनसह चेसिस आणि पूर्ण बॉडी बांधलेली गाडी. लहान टेम्पोतही अनेक कंपन्या हौद्याशिवाय गाडी देतात. कारखान्याची बॉडी सर्वांसाठी एकसारखी असते. आपला माल मात्र एकसारखा नसतो. बागवानाच्या फळांना हवा हवी, गादीवाल्याला उंची व पावसापासून बचाव हवा, फरशी नेणाऱ्याला तळ मजबूत हवा आणि बेकरीवाल्याला पावांचे ट्रे सरकविण्यासाठी खण हवेत. हे शोरूमच्या छापील पत्रकात सापडत नाही. ते ज्याने दहा बागवानांच्या गाड्या बांधल्या त्याच्या हातात असते.

किलोचा हिशेब

पण इथे एक धोका आहे, आणि तो आम्ही कारागीर बंधूंनाही सांगू इच्छितो. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा कागदावर ठरलेली असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते तेवढाच माल व माणसे. म्हणजे जी वस्तू गाडीवर चढवाल ती मालाच्या जागेतून वजा होते.

समजा मर्यादा २,५०० किलो आहे आणि हौद्याशिवाय गाडी १,१०० किलोची आहे. हौदा २०० किलोचा बांधला तर १,२०० किलो उरतात. तोच हौदा जाड लोखंडाचा, वर हूड लावून ३५० किलोचा केला तर १,०५० उरतात. प्रत्येक खेपेला १५० किलो गेले. महिन्याला २५ खेपा धरल्या तर ३,७५० किलो, म्हणजे पावणेचार टन माल आपण दर महिन्याला घरी ठेवला. मजबूत म्हणजे जड, ही समजूत कारागिरांनी सोडावयास हवी. योग्य जागी आधार दिलेली हलकी बॉडी हीच खरी कारागिरी.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते: "जादा पाटा टाकून घेऊ." पाटा टाकल्याने गाडी खाली बसत नाही एवढेच. ब्रेक तेच राहतात, अ‍ॅक्सल तोच राहतो आणि कागदावरची मर्यादाही तीच राहते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च आपलाच. कलम ५२ प्रमाणे आरसीतील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल, नियमांनी दिलेली मुभा सोडून, मालकाला करता येत नाही. तसा बदल केल्यास कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यात अडवून घेतल्यावर वाद घालण्यापेक्षा ऑर्डर देतानाच एक पायरी मोठी गाडी निवडणे स्वस्त पडते. मात्र ही पायरी चढताना हेही ध्यानात असावे की एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कलम ६६ मधून परमिटची सूट आहे. या रेषेच्या थोडेसे वर जाण्यात फायदा आहे की तोटा, हे आधीच पाहावे.

पक्के बिल आणि कच्चा शब्द

कारागिराकडे काम द्यायचे तर ते तोंडी देऊ नये. लांबी, रुंदी, उंची, पत्र्याची जाडी, बॉडीचे वजन आणि गाडी परत देण्याची तारीख कागदावर असावी. चेसिस वर्कशॉपमध्ये उभी असते तेव्हा ती कमावत नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. आठ दिवसांचा शब्द देऊन महिना लावणारा कारागीर आपल्या बांधवाच्या ताटातील भाकरी उचलत असतो. अशा अनुभवानंतर तो बांधव पुढची गाडी कारखान्यातूनच बांधून घेतो, आणि मग आम्हीच म्हणतो की बॉडीचा धंदा बसला.

पक्के बिलही तितकेच महत्त्वाचे. मालवाहू गाडी व तिच्या बॉडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला मिळत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी बॉडीची किंमत बिलावरून विचारते. चार पैसे वाचविण्यासाठी बिल न घेतलेली बॉडी अपघाताच्या दिवशी कागदावर अस्तित्वातच नसते.

राहिला तिसरा भाग, शोभेचा. चकचकीत झाकणे, रंगीत दिवे, मोठे स्पीकर. शोरूममध्ये "हप्त्यात फक्त दोनशे वाढतील" असे सांगतात. पाच वर्षांचे साठ हप्ते धरले तर तेच १२,००० रुपये होतात. एवढ्यात चांगली ताडपत्री व दोर येतात, आणि पावसात माल वाचतो.

आमचे सांगणे थोडक्यात असे की शोरूमला जाण्यापूर्वी अर्धा दिवस घरी बसावे. मागील सहा महिन्यांच्या खेपा वहीतून काढाव्यात. सर्वांत जड खेप किती किलोची, सर्वांत लांब वस्तू किती फुटांची, रस्ता घाटाचा की गल्लीबोळांचा, हे एका कागदावर लिहावे. गाडी चालविणाऱ्या पोरालाही विचारावे. दिवसभर स्टिअरिंगवर तोच असतो. तो कागद सेल्समनपुढे ठेवावा आणि जे त्यात नाही त्यावर पैसे खर्चू नयेत. त्यासाठी पाच आठवडे थांबावे लागले तर थांबावे. तोवर भाड्याची गाडी मिळते. चुकीच्या मापाची गाडी मात्र हप्ते फिटेपर्यंत दारात उभी राहते.