उजेड कुणासाठी?

घरी जीप आली तेव्हा दादाने आधी दिवे बदलले. पिवळसर हॅलोजन काढून पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसविले. मग एका रात्री उसाला पाणी देऊन सायकलीवरून परतणारे आबा समोरच्या झोताने दिपून चारीत पडले. जीप आमचीच होती!

घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, म्हणून कारण मला विचारले गेले. हॅलोजन दिव्याचा परावर्तक तारेच्या नेमक्या जागेप्रमाणे घडविलेला असतो. एच-४ बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती उजेड वर जाऊ देत नाही. वेगळ्या घडणीचा बल्ब घातला की ही शिस्त बिघडते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही असा झोत मान्य नाही.

माझ्या मते काच स्वच्छ ठेवावी, दिव्याचा कोन लावून घ्यावा, समोरून कोणी आले की डिपर द्यावा. एवढ्याने बहुधा भागते. दादाने दुसऱ्याच दिवशी जुने बल्ब बसविले. पण मित्रहो, समोरून येणारा प्रत्येक जण आपला आबा नसतो, म्हणून का त्याला दिपवायचे?