हॉप्स, तोंडली आणि हातभर माती

बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वेल अंधेरी-बोरिवलीच्या गॅलरीत लावावी असे एखाद्या हौशी माणसास वाटले, तर त्यात वावगे काही नाही. मात्र तिला बहरण्यासाठी उन्हाळ्याचे लांबलचक दिवस लागतात आणि विश्रांतीसाठी कडाक्याची थंडी. भारतात ती रमली हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. थंडी तर नावापुरतीच.

आमच्या मते खरी हळहळ वाटायला हवी ती निराळ्याच वेलींसाठी. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या दुमजली इमारतींच्या कडेला रुजलेली तोंडली, मधुमालती सुतळीच्या आधाराने वरच्या खिडकीपर्यंत पोहोचत असे. पुनर्विकासात अशा कित्येक ठिकाणी मातीवर फरशी आली, फरशीवर मोटारी, आणि वेल कुंडीत कोंडली गेली.

काव्यातली लता सदैव वृक्षाचा आधार शोधते. शहरातल्या वेलीस आधाराची वाण नाही. खिडकीचा गजही तिला पुरतो. वाण आहे ती जमिनीची. म्हणून नव्या इमारतीच्या नकाशास संमती देताना रहिवाशांनी वाहनतळाइतक्याच आग्रहाने कुंपणालगतची हातभर उघडी माती मागून घ्यावी.