जात्यास टांकी, मग निसण्यास कां नाहीं?

आमच्या लहानपणीं घरांतील जात्याचें पीठ जाडें पडूं लागलें म्हणजे दोष कोणी जोंधळ्यास देत नसे. तळी गुळगुळीत झाली, आतां टांकी लावणारा गांठला पाहिजे, हें पोरासोरांसही समजे. जातें आतां बहुतेक घरांतून अडगळींत गेलें. पण त्यानें शिकविलेला धडा अडगळींत टाकण्यासारखा नाहीं. जो दगड दुसऱ्यास झिजवितो तो स्वतःही झिजतो, आणि झिजलेल्या दगडाकडून चोख काम होत नाहीं. असें असतां ज्या निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, आपण कलमाचा चाकू व छाटणीची कात्री पाजवितों, त्याच्या मध्यभागीं पडलेला खळगा आपणांस वर्षानुवर्षें दिसत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील बागाइतदार बंधूंचें लक्ष या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे वेधावें, एवढ्याकरितां हा लेख.

हा उपदेश मी शहाणपणाच्या बळावर नव्हे, तर नुकसान सोसून करीत आहें. एका वर्षीं पावसाळा सरतां सरतां मीं डॉगरिजच्या खुंटांवर पाचर कलमें बांधविलीं, व त्यांतील बरींच वाळलीं. प्रथम मीं काडीस दोष दिला, मग हवेस आणि शेवटीं कलम बांधणाऱ्यास. चाकू तर अंगावरची लव उतरविण्याइतका तीक्ष्ण होता! पुढें घरीं कामास आलेल्या एका वृद्ध सुतारानें तो चाकू उजेडाकडे धरून पाहिला, हंसला, आणि म्हणाला, "दादा, दगड दाखवा." दगडावर त्यानें पोलादी पट्टी उभी धरली, तों पट्टीखालून चांगला उजेड दिसला. रोगाचें मूळ तेथें होतें.

खोलगट दगडावर फिरविलेल्या पात्याची उतरती बाजू सपाट न राहतां फुगीर होते, व सरळ धारही हळूहळू वांकडी होते. असें पातें तीक्ष्ण असूं शकतें. पण त्यानें एका ओढींत सरळ काप येत नाहीं. पाचर कलमांत सारें यश दोन पृष्ठांच्या मिलाफावर अवलंबून असतें. साल व लाकूड यांमध्यें जो हिरवट जिवंत थर असतो, तो काडीचा आणि खुंटाचा एकमेकांस भिडला तरच जोड सांधतो. पाचरीच्या बाजू फुगीर वा लहरी झाल्या कीं मध्यें पोकळी राहते, आणि वरून पट्टी कितीही घट्ट गुंडाळली तरी ती पोकळी भरून निघत नाहीं.

कात्रीचेंही असेंच आहे. तिच्या पात्याची एक बाजू उतरती व दुसरी सपाट असते. ही सपाट बाजू समोरच्या आंकड्यास चिकटून सरकते. ती गोलसर झाली कीं दोहोंमध्यें फट पडते, व काडी कापली न जातां चेंगरते. चेंगरलेली जखम उशिरां भरते आणि रोगास वाट करून देते. शिवाय जास्त जोर लावावा लागतो तो हातास. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची गोडी छाटणी, पेठ-सुरगाण्याकडून आलेलीं माणसें दिवसभरांत किती वेळां मूठ आवळतात याचा विचार करावा. त्यांच्या मनगटाची कळ हा आपल्याच आळसाचा हिशेब आहे.

मात्र सर्वच हत्यारांस ही काटेकोर सपाटी लागते असें नाहीं. विळ्याची धार आंतल्या बाजूस वळलेली, तेव्हां त्यास अरुंद, गोल कडेचा दगडच सोयीचा. कोयता व खुरपें यांसही थोडा खळगा बाधत नाहीं. म्हणून घरांत दोन दगड वेगळे असावेत: एक विळ्या-कोयत्यांचा, आणि दुसरा केवळ चाकू व कात्रीचा. हा दुसरा दगड कोणाच्याही हातीं उसना देऊं नये.

दगड झिजतो हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे. पूर्वीं आपल्याकडे कुरुंदाचा दगड धारेसाठीं नांवाजलेला असे. युरोपीय भाषांतील त्याचें नांव तमिळ कुरुंदम् या शब्दावरूनच गेलें आहे. पुढें १८९१ सालीं अमेरिकेंत एडवर्ड ॲचेसन यांनीं विजेच्या भट्टींत कुरुंदाहूनही कठीण असा पदार्थ तयार केला; तोच कार्बोरंडम. आज बाजारांत मिळणारे बहुतेक दगड या दोहोंपैकीं एकाचे कण बांधून केलेले असतात. वरचा बोथट कण सुटतो, खालचा तीक्ष्ण कण उघडा पडतो, म्हणूनच दगड लोखंड कापतो. पण आपण नेहमीं मधोमधच घासतों, तेव्हां झीजही मधोमधच होते.

आतां उपाय. प्रथम पेन्सिलीनें दगडावर आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. जाड कांचेचा तुकडा सपाट फळीवर ठेवून त्यावर ६० ते ८० नंबरची कार्बोरंडमची भुकटी चिमूटभर टाकावी, थोडें पाणी शिंपडावें, आणि दगड पालथा घालून कांचेच्या सर्व भागांवर गोलाकार फिरवावा. मधून मधून दगडाचीं टोकें उलटावीं. सर्व रेघा पुसल्या गेल्या कीं दगड सपाट झाला. मधल्या रेघा शिल्लक असतील तर खळगा अजून आहे असें समजावें. नंतर २२० नंबरच्या भुकटीनें पृष्ठ साफ करावें, कडा किंचित् मोडाव्यात, आणि दगड भरपूर पाण्यानें धुवावा. जाड भुकटीचा एक कण मागें राहिला तरी धारेवर चरे पडतात. कांचही झिजते, म्हणून तीही पट्टीनें तपासावी व वेळेवर बदलावी. ओट्याच्या कडेवर किंवा पायरीवर दगड घासण्याची रीत जुनी आहे; परंतु ओटाच सपाट नसेल तर दगडास सपाटी कोठून येणार?

कांच नसेल तर एकाच जातीचे तीन दगड घ्यावेत. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक फुगीर व दुसरा खोलगट होऊन ते परस्परांस बेमालूम जुळतात, आणि आपण फसतों. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर असे आळीपाळीनें व दिशा बदलून घासले, तर ही फसवणूक टिकूं शकत नाहीं. इंग्लंडांतील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४० सालीं याच तत्त्वाचा पुरस्कार केला. ते लोखंडी तक्ते खरवडून जुळवीत. आपल्या दगडांस घासणें पुरे.

रोजची निगा याहूनही सोपी आहे. दगडाची सर्व लांबी-रुंदी वापरावी. काम संपल्यावर काळा राब धुवून टाकावा. पाण्याच्या दगडास तेल लावूं नये. आणि तेलाच्या दगडास भुईमुगाचें वा जवसाचें तेल घालूं नये, कारण तें वाळून चिकट होतें व दगडाचीं छिद्रें बुजवितें. थोडें थोडें व वारंवार सपाट करावें; खळगा खोल झाल्यावर दुप्पट श्रम पडतात.

कोणी म्हणेल, दगड स्वस्त आहे, नवा घ्यावा. पण नवा दगड तरी सपाट असतोच असें नाहीं, आणि तोही महिन्या-दोन महिन्यांत तसाच होणार. कोणी विजेच्या चाकावर धार लावून घेतात. तेथें पातें तापून निळें पडलें कीं त्याचें पाणी उतरतें, व धार टिकत नाहीं. कोणी म्हणेल, टोळी आपल्या कात्र्या आपणच आणते. खरें; परंतु जखम होते ती आपल्या वेलीस. दगडाची जबाबदारी मजुराची नव्हे, मालकाची आहे.

माझी सूचना एवढीच, कीं आपल्या संघानें गांवोगांवच्या शाखांत एक जाड कांच, एक पोलादी पट्टी व दोन प्रकारची भुकटी ठेवावी, आणि भाद्रपदांत, गोडी छाटणीपूर्वीं, एक दिवस सर्वांनीं आपापले दगड घेऊन यावें. कलमाच्या शिक्षणवर्गांतही पहिला धडा चाकूचा नसून दगडाचा असावा. खत, औषधें व पाणी यांवर आपण हात आंखडीत नाहीं. मग ज्याच्यावर प्रत्येक कापाची चोखी ठरते त्या दगडासाठीं वर्षांतून एक दुपार काढणें जड कां व्हावें? बंधूंनो, आज संध्याकाळीं घरीं गेल्यावर दगडावर पट्टी उभी धरून पाहा. खालून उजेड दिसला, तर या लेखाचें कारण आपोआप कळेल.