सनरूफ गळत नाही, तुंबतं!

मंडळी, आपल्याकडे गाडीचं सनरूफ गळायला लागलं की तीन उपाय सांगितले जातात. एक, सिलिकॉन मारा. दोन, अख्खं सनरूफ बदला. तीन, गाडी विका. पाचगणीला राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या पावसाळ्यात पहिला उपाय केला, दुसऱ्याचं कोटेशन (अडतीस हजार!) ऐकून गप्प बसले आणि तिसऱ्यासाठी वाईच्या एका एजंटला फोनही लावला. गाडी २००८ ची. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून घेतलेली. इंजिन अजून एका चावीत चालू होतं. अशी गाडी मातीमोल भावात जाणार, का, तर छतातून पाणी येतं! पण ते पाणी नेमकं कुठून येतं हे तिन्ही उपाय सांगणाऱ्यांपैकी एकानंही बघितलेलं नव्हतं. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आता थोडं टेक्निकल. (फर्स्ट इयरवाल्यांनी पान उलटू नये, यात एकही डिफरन्शियल इक्वेशन नाही.) सनरूफची काच पूर्ण वॉटरटाइट असावी अशी कोणाची अपेक्षाच नसते, डिझाइन करणाऱ्याचीसुद्धा नाही. काचेभोवतीचं रबराचं बीडिंग बरंचसं पाणी बाहेर ठेवतं, सगळं नाही. जे आत झिरपतं ते काचेखालच्या चौकटीतल्या पन्हळीत पडतं. त्या पन्हळीच्या चार कोपऱ्यांना सहसा चार नळ्या असतात. पुढच्या दोन समोरच्या काचेच्या बाजूच्या पिलरमधून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या पिलरमधून, आणि पाणी गाडीबाहेर पडतं. आजोळच्या कौलारू घराची पन्हळ आठवा, तोच प्रकार, फक्त झाकलेला.

हिशोब करून बघा. काच धरा ८० सेंटिमीटर बाय ४५, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला (जुलैत महाबळेश्वरला ही काही बातमी नव्हे) तर नुसत्या काचेवर ३६ लिटर पाणी पडतं. त्यातलं दोन टक्के जरी बीडिंगमधून आत गेलं तरी पाऊण लिटरच्या आसपास होतं. नळ्या मोकळ्या असतील तर हे पाणी आलं कधी आणि गेलं कधी, मालकाला पत्ताही लागत नाही. नळ्या तुंबल्या की तेच पाणी पन्हळ भरून छताच्या अस्तरात उतरतं. मामांची गाडी बारा महिने सिल्व्हर ओकच्या झाडाखाली उभी असते. वाळक्या पानांचा चुरा, त्यात पाचगणीची तांबडी माती... नळीत बूच बसायला अजून काय हवं?

आणि खरी गंमत म्हणजे रोगाचं लक्षण मामांनी स्वतःच पहिल्या गॅरेजवाल्याला सांगितलं होतं. "पसरणी घाट उतरताना आरशाजवळच्या दिव्यातून ठिबकतं, आई पुढे बसते तर तिचा पदर भिजतो. चढताना मात्र टिपूस नाही." त्या माणसानं हे गप्पांमध्ये जमा केलं. खरं तर या एका वाक्यात अर्धं निदान होतं! घाट चढताना गाडीचं तोंड वर, पाणी मागच्या कोपऱ्यांकडे जातं आणि गायब होतं. म्हणजे मागच्या नळ्या चालू. उतरताना पाणी पुढे येतं आणि ठिबकतं. म्हणजे पुढच्या दोन्ही बंद. एकच बंद असती तर दुसरीनं बरंचसं ओढून नेलं असतं. पण त्यानं काचेभोवती सिलिकॉनचा जाड थर दिला आणि सांगितलं, "शेठ, काच आता कायमची पॅक. उघडू नका." पहिल्या मोठ्या पावसात सिलिकॉनच्या फटीतून पाणी पुन्हा आत. नळ्या तशाच!

दुसऱ्या गॅरेजवाल्याला निदान नळ्या असतात हे ठाऊक होतं. त्यानं खालच्या तोंडातून कंप्रेसरची हवा मारली. दिव्यातलं पाणी थांबलं, सगळे खूश. पंधरा दिवसांनी गाडीत कुबट वास आणि पुढच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलंचिंब. हवेच्या दाबानं उजव्या नळीतलं बूच निघालं होतं, पण डावी नळी वरच्या टोकाला निपलवरूनच सुटली होती. आता डाव्या कोपऱ्यातलं पाणी दिव्यापर्यंत पोचायच्या आधीच पिलरच्या आतून थेट पायाशी. दिवा कोरडा, म्हणून गळती बंद असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कार्पेटखाली जाड फेल्ट असतो, तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. वायरिंगचे जोड तिथून जातात, बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिटही मधल्या कन्सोलखाली जमिनीलगत असतो. पत्रा गंजतो ते वेगळंच. आजीला घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत एअरबॅगचा भरवसा नसणं हे अडतीस हजारांपेक्षा महाग आहे.

आम्ही तिघांनी १५ ऑगस्टच्या सुट्टीत काम केलं. काच पॅक असल्यामुळे आधी ब्लेडनं सिलिकॉन कापावं लागलं, त्यातच दीड तास गेला. मग काच उघडून एकेका कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओतलं आणि एकजण खाली बघत बसला. तीन कोपरे पास. चौथ्याचं पाणी बाहेर आलंच नाही, आत आलं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून दहा मिनिटं थांबलो आणि मग डाव्या पिलरचं कव्हर उतरवलं. (ज्या गाड्यांत तिथून पडद्यासारखी एअरबॅग जाते, त्यांच्या पिलरला घरी हात लावू नये.) नळी निपलवर बसवून छोटी क्लिप आवळली. उरलेला गाळ मामांच्या ग्रास कटरच्या नायलॉन दोरीनं काढला. तिचं टोक बोथट करून घ्यायचं, नाहीतर नळीलाच भोक पडतं. बीडिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला. साधं ग्रीस नाही, पेट्रोलियमनं ते रबर फुगतं. खर्च तीनशेच्या आत. कार्पेट वाळवायला मात्र टेबलफॅन लावून चार दिवस!

आता तुम्ही म्हणाल, गॅरेजवाले चोर. मला तसं वाटत नाही. त्यांना पार्ट बदलल्याचे पैसे मिळतात, बाटलीनं पाणी ओतून अर्धा तास टक लावून बसल्याचे कोण देतो? "नुसतं बघितलं तर त्याचे पाचशे?" असं म्हणणारे आपणच. निदान फुकट मागायचं आणि मग पार्ट बदलून खर्च वाढला की बोंब मारायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे. आपण उद्या ज्या नोकऱ्यांत जाणार तिथेही तो भेटणारच.

आणि कॉलेजकडे बघा. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये बर्नुलीचं थिअरम दर वर्षी इमानेइतबारे व्हेरिफाय होतं, रीडिंग्ज सिनियर्सच्या जर्नलमधून येतात. वर्कशॉपला फायलिंगचा तोच चौकोनी जॉब. माझी सूचना आहे की एक भंगारातली सनरूफवाली गाडी आणून उभी करा, तिच्या दोन नळ्या गुपचूप बंद करा आणि व्हायवाला विचारा, पाणी कुठे गेलं? ज्याला सांगता येईल तो पास.

गरजही वाढणार आहे. एके काळी सनरूफ बड्या लोकांच्या गाड्यांनाच असायचं. २०१४ च्या होंडा सिटीच्या वरच्या मॉडेलला ते आलं, मग त्याहून छोट्या गाड्यांनाही. त्यातल्या पहिल्या गाड्यांना दहा वर्षं होऊन गेली, चिंचेखाली, गुलमोहराखाली उभ्या आहेत आणि त्यांचे मालक आत्ताच सिलिकॉनची ट्यूब शोधायला लागले असतील. घरी अशी गाडी असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत एक तांब्या पाणी घेऊन वर चढा. पुढचे दोन कोपरे आधी बघा.

मामांनी एजंटला नाही म्हणून कळवलंय. वास अजून थोडा येतो.