मृगापूर्वीची लस

फ्लूची लस म्हाताऱ्यांच्या फारशी उपयोगाची नाही, असे शहाण्यासुरत्या मंडळींतही बोलले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, विषाणू वर्षागणिक रूप पालटतो. लस टोचूनही ताप येऊ शकतो. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात लस न घेतलेल्या वृद्धांपैकी एका हंगामात शंभरात सहांना फ्लू झाल्याचे आढळले, घेतलेल्यांत दोन-अडीच जणांना. मृत्यू किती टळतात याविषयी मात्र त्याला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. परदेशातील रुग्णालयीन पाहण्यांत, इस्पितळात भरती होण्याची वेळ अनेकदा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने टळल्याचे दिसते. लस विषाणूशी जुळली नाही तर त्याहून कमी.

निम्मे संरक्षण म्हणजे संरक्षणच नव्हे, हा युक्तिवाद ज्याच्या दाराशी डॉक्टर आहे त्याला शोभतो. बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या सीमेलगत वसलेल्या धाडच्या वृद्ध शेतमजुराला तो परवडणारा नाही. फ्लूमागून येणारा न्यूमोनिया म्हणजे त्याच्या लेखी बुलढाण्याची धावपळ, प्राणवायूची खाट, लेकाची बुडालेली मजुरी आणि विकलेली शेळी. एवढ्यातले निम्मे टळले तरी थोडे नव्हे!

खासगी दवाखान्यात लसीच्या एका मात्रेस दीड-दोन हजार रुपये पडतात. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली वाढले ते दरमहा दीड हजारांवर. म्हणजे महिनाभराची भाकरी की लस, एवढाच पर्याय. आणि लस तर दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. केंद्र शासनाने २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची योजना जाहीर केली. तिचे स्वागतच आहे. परंतु माणूस खाटेवर पडल्यावर लाखांची हमी देणारे शासन, तो पडू नये म्हणून हजार-दोन हजार खर्चण्यास का कचरते? राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूच्या लसीला आजही स्थान नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवती व जोखमीच्या रुग्णांना ती मोफत देण्यास आरंभ केला. त्या यादीत केवळ वयाच्या आधारेही प्रवेश मिळाला पाहिजे.

वेळेचाही प्रश्न आहे. युरोपात फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. लसीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. दिवाळीत पोहोचलेली लस श्रावणातल्या तापाला काय कामाची? परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती मे महिन्यातच हवी, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हा परिषदेपुढे आत्ताच मांडावी. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर नव्हे.