आधी उपचार, मग कागद

लैंगिक अत्याचारानंतरचे पहिले ७२ तास डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे या मुदतीतच सुरू करावी लागतात आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. फार तर पाच दिवसांपर्यंत ती देता येते. हिपॅटायटिस-बीची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, गुप्तरोगांवरची औषधे हेही त्याच वेळी द्यायचे असते. पुराव्यासाठी शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. विषाणू काही पोलीस ठाण्यातल्या नोंदीची वाट पाहत थांबत नाही. तरीही अशी बाई रुग्णालयात आली की पुष्कळदा पहिला प्रश्न येतो, ‘पोलिसांत जाऊन आलात का?’

हा प्रश्न कायद्याला धरून नाही. पोलिसांचे पत्र नाही म्हणून डॉक्टरने अशा स्त्रीला तपासणे नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका खटल्यात २००० सालीच सांगितले. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार आणि ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तीवर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असे बंधन तेव्हा आले. उपचार नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही ही तरतूद कायम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम २०० ती सांगतात.

पोलिसांना कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, हे खरे. पण ती रुग्णालयाची आहे, त्या बाईची नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०१४ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. बाई थेट रुग्णालयात आली, तर तिची संमती घेऊन तपासणी करायची आणि उपचार द्यायचे. तिला तक्रार करायची नसेल, तर तसे केसपेपरवर नोंदवायचे. तपासणीचा काही भाग नको असेल, तर तेवढा वगळायचा. तिने काहीही नाकारले तरी उपचार थांबवायचे नाहीत. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर ‘पोक्सो’ कायद्यानुसार कळवणे सक्तीचे आहे. उपचार मात्र तिथेही आधीच.

या बाबतीत मुंबईच्या उपनगरांनी देशाला थोडी वाट दाखवली आहे, हे घाटकोपरकरांना कदाचित माहीत नसेल. २००८ पासून ‘सेहत’ या संस्थेने महापालिकेबरोबर काही रुग्णालयांत लैंगिक अत्याचाराच्या रुग्णांसाठी उपचार, समुपदेशन आणि पुरावा एकाच ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने देण्याचे काम सुरू केले. त्यांत घाटकोपर पूर्वेचे राजावाडी रुग्णालय होते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र त्याआधीचे. पुढे तशी केंद्रे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही निघाली. केंद्राच्या २०१४ च्या सूचना आल्या, त्याच्या सहा वर्षे आधी हे काम आपल्या शेजारी चालू झाले होते.

पुराव्याच्या नावाखाली पूर्वी जे चालायचे, त्याविरुद्धही आवाज महाराष्ट्रातून उठला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांतील दोष मांडले आणि नागपूर खंडपीठात त्यावर जनहित याचिका चालली. ‘टू फिंगर टेस्ट’ला शास्त्रीय आधार नाही आणि ती स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला घालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ते पुन्हा बजावावे लागले आणि ही चाचणी करणाऱ्याचे वर्तन गैरवर्तन ठरेल, असेही न्यायालयाने सांगितले. नऊ वर्षांनी तेच सांगावे लागते, यावरून सवयी किती चिवट असतात ते कळते. अंगावर जखम नाही म्हणजे काही घडलेच नाही, हा समजही तसाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाल्याने या सूचनांतच म्हटले आहे, की दिसणाऱ्या जखमा जेमतेम एक तृतीयांश घटनांत आढळतात. भीतीने शरीर गोठते, धमकीपुढे बाई झटापट करत नाही, आणि दोन दिवस उशीर झाला की बारीक ओरखडे भरून येतात.

उशीर तर होतोच. २०१३ च्या ऑगस्टमध्ये शक्ती मिलच्या आवारात छायापत्रकार तरुणीवर अत्याचार झाला, ती तडक रुग्णालयात गेली आणि प्रकरण उजेडात आले. त्याच आवारात ३१ जुलैला टेलिफोन ऑपरेटरचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका तरुणीवर अत्याचार झाला होता. ती पुढे आली सप्टेंबरमध्ये, पहिल्या घटनेनंतर. महिनाभराचे हे मौन विचित्र वाटायचे कारण नाही; अनेकींचे मौन कित्येक वर्षांचे असते. ओपीडीत त्या येतात तेव्हा तक्रार असते डोकेदुखीची, ओटीपोटातल्या दुखण्याची, झोप न लागण्याची. सोनोग्राफी नॉर्मल येते, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. हळूच, एकांतात, सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवून विचारले, तर कधी कधी खरे दुखणे कळते.

उशिरा बोलणाऱ्या स्त्रीला उपचार कसे मिळावेत, याबाबत अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सैन्यात असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झालेल्यांवर तिथे मोफत उपचार होतात. तेव्हा तक्रार केली होती का, कागद आहे का, हे उपचारासाठी विचारले जात नाही. उलट येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला, स्त्री असो वा पुरुष, असे काही घडले होते का, हे डॉक्टरच विचारतात. स्त्रियांपैकी सुमारे तिघींत एक ‘हो’ म्हणते आणि पुरुषांपैकी सुमारे पन्नासांत एक. पण हाच देश जेव्हा अपंगत्वाच्या भत्त्याचा विचार करतो, तेव्हा पुरावा मागतो. थेट कागद नसेल तर बदलीसाठी केलेला अर्ज, कामातली अचानक घसरण, त्या काळात केलेली गर्भचाचणी असे अप्रत्यक्ष धागेही चालतात, असा नियम आहे. तरी २०१८ मध्ये तिथल्या महानिरीक्षकांनी तपासले, तेव्हा सहा महिन्यांत फेटाळलेल्या सुमारे २,७०० दाव्यांपैकी १,३०० दाव्यांची हाताळणी चुकीची झाल्याचा अंदाज निघाला. उपचाराचे दार उघडे आणि भत्त्याच्या खिडकीवर रांग, अशी ही स्थिती आहे.

आपल्याकडे ती खिडकी म्हणजे ‘मनोधैर्य’ योजना. महाराष्ट्र सरकारने ती २०१३ मध्ये सुरू केली आणि २०१७ च्या अखेरीस मदतीची कमाल मर्यादा १० लाख रुपयांवर नेली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. ही मदत गुन्हा नोंदवण्याशी जोडलेली आहे, आणि सरकारी पैसा द्यायचा तर काही पडताळणी लागणार, हे मान्य. पण आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी भरपाईसाठी अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे. ही माहिती रुग्णालयाच्या खाटेवरच्या बाईला कोण सांगते? पोलिसांना वाटते डॉक्टर सांगतील, डॉक्टरांना वाटते समाजसेवा अधिकारी सांगतील. तोवर तिला डिस्चार्ज मिळालेला असतो.

नोकरीच्या ठिकाणी घडलेल्या छळाचीही हीच गत. २०१३ च्या कायद्याने चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, आणि भरपाई ठरवताना मानसिक त्रास, उपचारांचा खर्च, हुकलेली संधी धरावी लागते. दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यातली कामगार असो की घरकाम करणारी बाई, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पोलीस, निमलष्करी दले, सैन्य यांतल्या स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. जिथे वरिष्ठाचा शब्द हाच नियम, तिथे तक्रार करणे म्हणजे बढती, बदली आणि राहते क्वार्टर पणाला लावणे. १९९२ पासून आपल्या सैन्यात वैद्यकीय शाखांपलीकडेही महिला अधिकारी आहेत. त्यांच्यातल्या कित्येकी आता निवृत्त झाल्या आहेत. माजी सैनिकांच्या दवाखान्यातही हा प्रश्न हळुवारपणे विचारला जायला हवा.

मनाच्या या जखमेवर उपचार आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वारंवार येणारी भयस्वप्ने, दचकणे, गर्दीची भीती, स्वतःलाच दोष देणे, ही आघातानंतरच्या ताणविकाराची लक्षणे आहेत. आघातावर केंद्रित मानसोपचार आणि गरजेनुसार सर्ट्रालीनसारखी औषधे यांनी पुष्कळ जणींना आराम पडतो. वर्षे उलटल्यावरही पडतो. त्यासाठी आठवडे, महिने यावे लागते, आणि गोवंडी किंवा विक्रोळीहून दर आठवड्याला खाडा करून येणाऱ्या बाईची मजुरी बुडते. मदतीची रक्कम वेळेवर मिळणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे.

करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या अपघात विभागात ‘पोलिसांच्या पत्राशिवाय मोफत उपचार’ हा फलक मराठी आणि हिंदीत ठळक लावावा. ७२ तासांची औषधे तिथल्याच कपाटात चोवीस तास असावीत. रात्री दोन वाजता फार्मसी बंद, ही सबब नको. मनोधैर्यचा अर्ज वॉर्डातच भरून घ्यावा आणि रुग्णालयानेच तो पुढे पाठवावा. खासगी नर्सिंग होमनी अशा रुग्णाला ‘सरकारी दवाखान्यात जा’ म्हणून परत पाठवू नये. प्राथमिक उपचार त्यांनाही बंधनकारक आहेत. आणि दर तीन महिन्यांनी किती जणी पहिल्या तपासणीनंतर पुन्हा आल्या, हे प्रत्येक रुग्णालयाने मोजावे. एकदाच येऊन परत न फिरकणारी रुग्ण बरी झाली, असे गृहीत धरण्याची आपली सवय मोडली पाहिजे.

वाचकांसाठी एवढेच: आपल्या घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी कुणी असे काही सांगितले, तर ‘तेव्हाच का नाही बोललीस’ असे विचारू नका. तिला जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, शक्यतो आंघोळीआधी आणि कपडे न धुता. आंघोळ झाली असेल तरीही घेऊन जाच. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. तक्रार करायची की नाही, हे तिला उद्याही ठरवता येईल. औषधाची वेळ मात्र आजचीच आहे.